हळदीच्या पत्रकाची मांडणी विस्कळीत दिसते, काय बदलू?

गावभाग_सांगली
नमस्कार मंडळी. बचत गटाच्या हळद पावडरीचं ए५ पत्रक करतेय, ऑफसेटवर छापायचंय. नाव, हळकुंडांचा फोटो, चार पाकिटांचे भाव, हळदीची माहिती, पत्ता, फोन असं सगळं बसवलंय. चार फॉन्ट, सगळं मधोमध, भोवती वेलबुट्टीची चौकट, मजकूर हळदी रंगात. पण नजर कुठेच ठरत नाही. सुरुवात कुठून करू?

मांडणी_मिरज
ताई, फॉन्ट-रंग बाजूला ठेवा. आधी कागदावर क्रम लिहा: गिऱ्हाइकाने पहिलं काय वाचायचं, मग काय. तुमच्याकडे नाव, फोटो, भाव, फोन. त्या क्रमाने आकार उतरू द्या: नाव ३६ पॉइंट, भाव १६, बाकी ११. फरक ठळक हवा. १४ आणि १६ शेजारी आले की चुकून झाल्यासारखं दिसतं.

चारही बाजूंना १० मिमी समास सोडा. ए५च्या १४८ मिमी रुंदीतून १२८ उरतात: ६० चे दोन रकाने, मधे ८. सगळ्या ओळी रकान्याच्या डाव्या कडेला लावा. मधोमध लावल्यावर प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते, डोळ्याला कड मिळत नाही. नाव तेवढं मधे चालेल.

वजन डाव्या टोकाला आणि भाव उजव्या टोकाला, असं करू नका. नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते. दोन्ही जवळ ठेवा. एका गटातल्या ओळींत २ मिमी जागा, दोन गटांत ६. एवढ्याने गट आपोआप वेगळे दिसतात, म्हणून चौकट काढाच.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच त्याचं चिन्ह टाका.

शिरोरेषा
दोन ओळींतलं अंतर बघा. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा आपोआप १२० टक्के धरतं, म्हणजे ११ पॉइंटच्या अक्षराला १३ च्या आसपास. इंग्रजीला ते पुरतं. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला टेकतो. ११ ला १६ ठेवा. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो.

चारऐवजी एकच फॉन्ट घ्या. ‘मुक्त’ मोफत मिळतो, त्यातलं साधं आणि ठळक वजन पुरे. ६० मिमीच्या रकान्यात दोन्ही कडा जुळवू नका, शब्दांमधे खिंडारं पडतात.

ऑफसेट_कुपवाड
पांढऱ्यावर हळदी अक्षरं वाचवत नाहीत. उलट करा: हळदी पट्टी, वर काळी अक्षरं. तो काळा फक्त काळ्या शाईचा, म्हणजे के १००. चारही रंग मिसळून काळा केला आणि त्या रंगांच्या छपाईच्या प्लेटा केसभर सरकल्या, की बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात.

पट्टी किंवा फोटो कागदाच्या कडेला भिडणार असेल तर चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग ठेवा; फाइल १५४ × २१६ मिमी. नाहीतर कटिंगमधे पांढरी रेघ राहते. पूर्ण रुंदीच्या फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण १८२० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, दाबलेला फोटो छपाईत फुटतो.

गावभाग_सांगली
पट्टी वर घेऊ की खाली? आणि फाइल कशी देऊ?

ऑफसेट_कुपवाड
वर, नावामागे. खाली फोन पांढऱ्यावर मोकळा राहू दे. टेक्स्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्या, पण आधी मूळ फाइल वेगळी सेव्ह करा. कर्व्ह झाल्यावर भाव बदलता येत नाही. पीडीएफ उघडून वेलांट्या आणि जोडाक्षरं एकेक तपासा, आणि घरच्या प्रिंटरवर १०० टक्के आकारात एक प्रत काढा. स्क्रीनवर मोठं करून बघितलेलं ११ पॉइंट कागदावर वेगळंच दिसतं.