ट्रेकला जाताना निसर्गाला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून कुठल्या साइट्स / ॲप्स वापरता?

रानवाट_पुणे:
मंडळी नमस्कार, आमचा ऑफिसचा ग्रुप आहे, पावसाळ्यात लोहगड, राजमाची, कळसूबाई असं चालू असतं. रविवारी लोहगडावरची गर्दी आणि वाटेच्या कडेला पडलेल्या वेफर्सच्या पिशव्या बघून फार वाईट वाटतं, आणि २०२५ मध्ये आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत आलेत म्हणजे गर्दी अजून वाढणारच. आमचा कचरा आम्ही परत आणतोच, पण त्यापुढे काय? नेटवर शोधलं तर एकतर सगळं अमेरिकेतलं मिळतं नाहीतर कुणीतरी बांबूचे ब्रश विकत असतं. तुम्ही स्वतः काय वापरता ते सांगा ना.

घाटमाथा:
आधी प्रवासाकडे बघा. आठ जण तीन गाड्या घेऊन जाणार आणि मग स्टीलची बाटली वापरणार, याला काही अर्थ नाही. लोहगड-विसापूरला पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरून सरळ चालत जाता येतं, तिकीट रेल्वेच्या रेलवन ॲपवर निघतं. मुंबईकडच्यांनी कळसूबाईला कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे एसटी नाहीतर जीप.
वाटेसाठी ऑरगॅनिक मॅप्स घ्या, फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला, सगळ्यांना खुला) नकाशा घरीच उतरवून ठेवायचा, मग रेंज नसली तरी चालतं. याचा निसर्गाशी संबंध असा की वाट चुकली की लोक मिळेल तिथून शॉर्टकट मारतात, गवत तुडवलं जातं, मग पावसाचं पाणी तिथूनच धावतं आणि माती घेऊन जातं. सगळ्या वाटा त्यात बरोबर असतीलच असं नाही, गावात एकदा विचाराच. आणि जेवण गावातल्याच घरी आदल्या दिवशी फोन करून सांगा, पिठलं-भाकरी मिळते, पाकिटांचा प्रश्नच येत नाही आणि चार पैसे गावात राहतात.

शेवंती_ताई:
लीव्ह नो ट्रेस नावाची अमेरिकन संस्था आहे, त्यांची सात तत्त्वं साइटवर फुकट वाचायला मिळतात, जरूर वाचा. पण आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाहीत. शौचासाठी पाण्यापासून २०० फूट लांब जा आणि ६ ते ८ इंच खड्डा करा असं ते सांगतात, हे जंगलातल्या मातीत ठीक आहे, गडावर कातळावर वीतभर माती नसते तिथे खणणार कुठे? त्यामुळे पायथ्याच्या गावातच उरकून निघायचं, आणि टिश्यू, वाइप्स, पॅड काहीही असो, झिपच्या पिशवीत घालून परत आणायचं. बायकांच्या ग्रुपमध्ये हे मी स्पष्ट बोलते, लाजण्यासारखं काही नाही त्यात.
अजून एक, आणि हे मला कळकळीनं सांगायचंय. गडावरची टाकी हे प्यायचं पाणी आहे. त्यात पाय सोडून बसू नका, काठावर भांडी घासू नका. पातेल्यात पाणी काढून लांब न्या, राखेनं घासा, साबण नकोच. उन्हाळ्यात वर येणाऱ्यांना आणि जनावरांना तेच पाणी पुरवायचं असतं.

पाखरू:
शेवंतीताईंना +१.
ओळखण्यासाठी म्हणाल तर पक्ष्यांना मर्लिन ॲप, आवाजावरूनही सांगतं, आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी ईबर्ड या साइटवर टाका, पुढे अभ्यासाला उपयोगी पडते. झाडं-किडे आयनॅचरलिस्टवर, फुलांसाठी फ्लॉवर्स ऑफ इंडियाची साइट. फक्त मर्लिनमधला आवाज स्पीकरवर लावून पक्षी बोलवू नका, विशेषतः विणीच्या काळात, तो बिचारा हद्दीत दुसरा कुणी घुसला समजून घरटं सोडून येतो.
आणि लोकेशन!! आयनॅचरलिस्ट संकटातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, बाकीच्यांची तुम्ही स्वतः करू शकता. पण तोच फोटो लोकेशनसकट इन्स्टावर गेला की संपलं. भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसात बघा ना, ते चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं आणि आपण तिथे गाडीचे दिवे आणि टॉर्च मारतो.

रानवाट_पुणे:
खूप खूप आभार सगळ्यांचे, लोहगड आता लोकलनंच आणि तेही मधल्या वारी करू. बुटांचं काय पण? माझे फारसे वापरलेले नाहीत तरी सोल भुगा होऊन निघालाय, नवीन घेऊ का?

घाटमाथा:
सोलचा मधला थर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या फोमचा असणार. तो दमट हवेत नुसता पडून पडून सडतो, म्हणून पावसाळा झाला की डब्यात बंद न करता अधूनमधून घालत राहायचं. वरचा भाग चांगला असेल तर टाकू नका, चांगल्या मोच्याकडून रबराचा पूर्ण सोल बसवून कडेनं शिवून घ्या, नुसतं चिकटवलेलं पहिल्याच ओढ्यात सुटतं. जॅकेटची चेन, सॅकचं बक्कल वगैरे आयफिक्सिट या दुरुस्ती शिकवणाऱ्या साइटवर पायरीपायरीनं फोटोंसकट दाखवलंय, ते घरीच जमतं. मोची चांगला हवा असेल तर पुण्यात कुठे राहता ते सांगा, माझ्या माहितीतला एक आहे.