कॅप्टनचा गेम खेळून मैदानावरचं क्रिकेट कळतं का?

नवा_चेंडू (अंबाजोगाई)
परवा मैदानावर एका ज्येष्ठ खेळाडूंनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, "कॉम्प्युटरवर टीम चालवून कुणी कॅप्टन होत नसतं." तिथं मी गप्प बसलो, म्हणून इथं लिहितोय. माझं मत ठाम आहे. दहा वर्षं टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळून जे कळलं नाही, ते मला 'क्रिकेट कॅप्टन'नं शिकवलं.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी: यात बॅट आपल्या हातात नसते. संघ निवडायचा, फील्डिंग लावायची, बॉलिंग कुणाला द्यायची, कुणी किती मारायचं ते ठरवायचं. १९९८ साली पहिला गेम आला तेव्हा इंग्लंडच्या १८ काउंट्यांपैकी, म्हणजे तिथल्या प्रांतिक संघांपैकी, एक चालवायला मिळायची. बॅट्समन किती सेट झालाय, बॉलर किती दमलाय, हे पट्ट्यांवर दिसत राहतं.

मागच्या पावसाळ्यात एका चार दिवसांच्या मॅचमध्ये मला २१२ ची लीड मिळाली. विचार न करता फॉलोऑन दिला, म्हणजे समोरच्यांना लगेच परत बॅटिंगला लावलं. पहिल्या डावात माझ्या दोन्ही फास्ट बॉलर्सनी पंचवीस-पंचवीस ओव्हर टाकल्या होत्या, ते ध्यानातच घेतलं नाही. समोरचे दीड दिवस खेळले. ऐंशी ओव्हर झाल्या, नवा चेंडू हातात आला, आणि तो टाकायला माणूसच नाही! मॅच हरलो. त्या रात्री पहिल्यांदा मला २००१ ची कोलकाता टेस्ट कळली. २७४ ची लीड घेऊन ऑस्ट्रेलियाच्या कॅप्टन स्टीव्ह वॉनं भारताला फॉलोऑन दिला, लक्ष्मणनं २८१ केले, द्रविडनं १८०, दोघांनी मिळून ३७६ जोडले. आपण सगळे लक्ष्मणच्या मनगटाबद्दल बोलतो, बोललंच पाहिजे. पण त्या उन्हात लागोपाठ दोन डाव बॉलिंग करणाऱ्यांचे पाय किती जड झाले असतील, हे मला टीव्हीवर कधी दिसलं नव्हतं.

मॅटिंगवाला (परभणी)
वीस वर्षं मॅटवर, म्हणजे पिचवर अंथरलेल्या चटईवर, लेदर बॉल खेळलोय, त्या अनुभवावर विरोध करतो. थकव्याची पट्टी दिसते म्हणता ना? तीच तर अडचण आहे. गेममधला बॉलर खोटं बोलत नाही. आपला बोलतो.

दोन वर्षांखाली सेमीफायनलला आमचा मेन बॉलर सकाळी वेळेवर आला. मी विचारलं, "कसं काय, बरं हाय का?" "एकदम ओके, दादा." तिसऱ्या ओव्हरला रनअप आखडला. चौथ्या ओव्हरला हात खांद्याच्या वर जाईना. मग यष्टिरक्षकानं कानात सांगितलं, शेतीची लाईट रात्रीची होती, पोरगं रातभर हरभऱ्याला पाणी देऊन तसंच आलंय. चपलेला चिखल तसाच होता, मीच बघितलं नव्हतं. कॅप्टननं ती चप्पल बघायची असते. ते स्क्रीनवर कुठं शिकणार?

नवा_चेंडू
दादा, चपलेची गोष्ट मनाला लागली. पण आमच्याकडं तर एक बॉलर चांगला टाकतोय म्हणून त्याच्याकडून सलग सगळ्या ओव्हर काढून घ्यायचे, मीही तेच करायचो. पट्टी रिकामी होताना रोज बघितली, तेव्हापासून दर ओव्हरनंतर बॉलरजवळ जाऊन उभा राहायला लागलो. तुम्ही वीस वर्षांत जे कमावलं त्याची निदान सुरुवात मला तिथून झाली.

गोदाकाठ (नांदेड)
माझा विरोध वेगळा आहे. गेममध्ये खेळाडू म्हणजे आकडे, आणि आकडे येतात खेळलेल्या मॅचमधून. ज्याला मॅचच मिळाली नाही त्याचं काय? मुंबई आणि विदर्भाचे रणजी संघ वेगळे. आपण महाराष्ट्राच्या संघात, कारभार पुण्याचा. नांदेडच्या पोरानं रात्रभर प्रवास करून ट्रायल द्यायची आणि दोन-चार ओव्हरमध्ये डोळ्यांत भरायचं. ज्याला घरून गाडीभाडंच मिळत नाही तो गेमच्या यादीत कधीच येणार नाही.

बीडचा सचिन धस बघा. फेब्रुवारी २०२४, अंडर-१९ वर्ल्ड कपची सेमीफायनल, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ हव्या होत्या आणि ३२ वर ४ गेले होते. पोरानं ९६ केले, उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी. ३२ वर ४ असताना नुसते आकडे बघून कुणी सांगितलं असतं का?

आणि डिसेंबर २००१ ची इंग्लंडविरुद्धची मोहाली टेस्ट कुणाला आठवते? बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा फास्ट बॉलर इक्बाल सिद्दीकी, दोघांचं पदार्पण एकाच मॅचमध्ये! शेवटी जिंकायला ५ रन हवे होते, तर सिद्दीकीला ओपनिंगला पाठवलं. त्याची ती एकच टेस्ट. बांगर तर रणजी रेल्वेकडून खेळायचा, आपल्याकडून नाही. ही सगळी कहाणी कोणत्या पट्टीवर दिसते?

स्कोअरबुक (लातूर)
गोदाकाठ, तुमचं दुःख खरं आहे, पण तो दोष निवडीचा आहे. गेमवर कशाला टाकता?

माझं सांगते. मी शाळेपासून स्कोअर लिहिते. भाऊ खेळायचा, मी वही धरून बसायचे. फील्डिंग चुकतीय हे मला कळायचं, वहीत दिसायचं की सगळे रन एकाच बाजूला जातायत. पण सांगितलं की "तू लिही गं" एवढंच उत्तर. मुलींची टीम आमच्याकडं नव्हतीच. आता पोरं झोपल्यावर मोबाईलवर तासभर खेळते. एका मॅचमध्ये डावखुरा बॅट्समन माझ्या ऑफस्पिनरला सारखा स्वीप मारत होता. मी स्लिप काढून डीप स्क्वेअर लेगला माणूस ठेवला, लाइन थोडी बाहेर नेली. तिसऱ्या ओव्हरला तिथंच कॅच. घरात कुणी जागं नव्हतं, मी एकटीनंच टाळी वाजवली. मैदानावर मला एक फील्डर हलवायला कधी मिळाला नाही, तो इथं मिळाला.

मॅटिंगवाला
ताई, हे वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत तेच आहे, मैदानावर या. आमच्याकडं या.

स्कोअरबुक
दादा, लातूरहून परभणीला येऊन कुणाची कॅप्टन होऊ? आधी तुमच्या गावात दहा मुली मॅटवर उभ्या करा. मी पहिल्या मॅचचा स्कोअर लिहायला येते, आणि त्यांची फील्डिंगही लावून देते.

गोदाकाठ
नवा_चेंडू, एक खरं सांगा. हरायला लागलं की गेम बंद करून जुनी सेव्ह केलेली फाईल उघडता का? माझा पुतण्या दिवसभर तेच करतो. एका बॉलला विकेट गेली की परत मागं. त्याला हरणं सोसतच नाही. परवा गल्लीत आऊट झाला तर स्टंप उपटून घरी आला.

नवा_चेंडू
उघडायचो. पहिली दोन वर्षं सर्रास. फॉलोऑनवाल्या मॅचलाही चौथ्या दिवशी हात तिथं गेला होता, लंचची फाईल समोर होती. नाही उघडली. परत खेळून जिंकलो असतो तर त्या दोन बॉलर्सकडं लक्ष गेलं नसतं. पुतण्याला एक सीझन फाईल न उघडता खेळायला सांगा, आणि तुम्ही शेजारी बसा.

मॅटिंगवाला
ही गोष्ट पटली. बाकी माझा विरोध कायम. आणि ताई, गावात दोन मुली सकाळी पळायला येतात. उद्या त्यांच्या वडलांशी बोलतो.