[मंडळ-गप्पा] हूड टू कोस्ट: धावणारे बारा मिळाले, गाडी कोण चालवणार?

प्रेषक: धावगट, संघप्रमुख

मंडळी, नमस्कार.

ज्यांच्यापर्यंत बातमी पोचली नसेल त्यांच्यासाठी: लॉटरीत आपला नंबर लागलाय. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवार-शनिवारी आपला संघ हूड टू कोस्ट या ओरेगॉनमधल्या धावण्याच्या रिले शर्यतीत उतरतोय. माउंट हूडवरच्या टिंबरलाइन लॉजपासून सीसाइडच्या समुद्रापर्यंत सुमारे २०० मैल, ३६ टप्पे, १२ जण, दोन गाड्या. प्रत्येकाच्या वाट्याला तीन टप्पे. १९८२ साली आठ संघांनिशी सुरू झालेल्या या शर्यतीत आता हजारावर संघ असतात, तेव्हा नंबर लागला यातच गणपती पावला म्हणायचं.

बारा नावं आली आहेत, शिवाय दोन राखीव. तक्ता सोबत जोडलाय. सरासरी मैलाला दहा मिनिटं धरली तर २००० मिनिटं, म्हणजे ३३ तास २० मिनिटं होतात. मर्यादा ३६ तासांची. म्हणजे सरासरी १० मिनिटं ४८ सेकंदांच्या वर गेली की आपला खेळ खलास. सुटायची वेळ अजून कळलेली नाही, तक्त्यात पहाटे पाच धरली आहे.

आता ठरवायचंय ते असं: धावण्याच्या क्रमात कोणाला कुठला क्रमांक, खर्च कोणाचा, आणि तीन स्वयंसेवक कोण. पोर्टलंडच्या आसपासच्या संघांना ही तीन माणसं द्यावीच लागतात. एक धावणारा थांबून दुसरा सुटतो अशा एखाद्या बदलाच्या ठिकाणी काही तास उभं राहून येणाऱ्यांच्या छातीवरचे बिब नंबर पुकारायचे, गाड्या लावून द्यायच्या, असलं काम असतं. धावता येत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हात वर करा.

कृपया नुसतं "अभिनंदन!" लिहून सगळ्यांना उत्तर पाठवू नका.

—

प्रेषक: कोषाध्यक्ष

अभिनंदन!

खर्चाबद्दल मी आधीच स्पष्ट करतो. मंडळाच्या खात्यात जे पैसे आहेत ते दिवाळी आणि गणपतीच्या तिकिटांतून आलेत. बारा जणांच्या हौसेसाठी त्यातला एक डॉलर सुटणार नाही. प्रवेश फी, गॅस, हेडलॅम्प, सगळं आपापलं. टी-शर्टवर मंडळाचा लोगो लावायला हरकत नाही, पण त्याखाली "आमची वारी" लिहायचं जे कोणी सुचवलंय ते कृपया नको. वारीत कोणी घड्याळ लावत नाही.

—

प्रेषक: ढोलपथक

दादा, तुमच्या तक्त्यातली पाच नावं माझ्याही तक्त्यात आहेत. गणपती १४ सप्टेंबरला बसताहेत. ऑगस्टचा शेवटचा शनिवार म्हणजे सराव ऐन रंगात आलेला असतो, आणि त्याच दिवशी माझे दोन ताशे आणि तीन ढोल सीसाइडच्या वाळूत आडवे पडलेले असणार. बरं, पुढचा शनिवार तरी? तेव्हा म्हणतील, जिना उतरवत नाही. ढोल कमरेला बांधून तासभर उभं राहायला मांड्याच लागतात हो.

एक शनिवार सोडतो. दुसरा मागू नका.

—

प्रेषक: हिल्सबरोचे काका

तक्ता पाहिला. सुबक आहे. त्यात धावण्याचं प्रत्येक मिनिट आहे, गाडीचं एकही नाही.

या शर्यतीत माणूस धावतो जेमतेम पावणेतीन तास. बाकीचे तीस तास तो गाडीत असतो, नाहीतर गाडीची वाट बघत असतो. याआधी ऑफिसच्या संघातून मी हे केलंय, आणि संघ मोडताना पाहिलेत ते रस्त्यावर नाही, गाडीत. तेव्हा जरा तुमचाच हिशेब पुढे नेतो.

पहाटे पाचला सुटलो. पहिल्या गाडीचे सहा जण साडेदहाच्या सुमारास सँडीला पोचतात. तिथून दुसरी गाडी. दुपारी चारला पोर्टलंड. पुन्हा पहिली, रात्री पावणेदहाला सेंट हेलन्स. पुन्हा दुसरी, पहाटे सव्वातीनला मिस्ट. पहिली पावणेनऊपर्यंत, आणि शेवटी दुसरी, दुपारी सव्वादोनला सीसाइड. आता यात झोप कुठे बसते ते शोधा. पहिल्या गाडीला रात्री पावणेदहा ते सव्वातीन मिळतात. त्यातून डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत जाणारा वेळ वजा करा, जेवण वजा करा, ओले कपडे बदलणं वजा करा. दोन-अडीच तास उरतात, तेही मिस्टच्या गवतावर. दुसऱ्या गाडीचे हाल त्याहून वाईट. त्यांना पहिली सुट्टी संध्याकाळी चारला मिळते, तेव्हा अंगात अजून इतका जोर असतो की कोणी झोपत नाही. दुसरी सुट्टी पहाटे सव्वातीनला, आणि तेव्हा आधी गाडी पुढच्या ठिकाणी न्यावी लागते.

ती कोण नेणार? तक्त्यात "आळीपाळीने" असं लिहिलंय. आळीपाळीने म्हणजे जो आत्ता सहा मैल धावून आलाय, ज्याच्या पोटऱ्यांत गोळे येताहेत, तो. आणि शर्यत संपल्यावर वाळूवर बिअरचा मंडप असतो. त्यानंतर हायवे २६ ने दीड-दोन तास पोर्टलंडपर्यंत, तेही आळीपाळीनेच का?

माझं म्हणणं एवढंच आहे: धावणारा एक कमी झाला तरी चालेल, नियमाने संघ बारापेक्षा लहान असू शकतो. पण अजिबात न धावणारे दोन चालक हवेतच. ते मिळेपर्यंत क्रमांकांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

तरी वाद घालणारच असाल तर दोन गोष्टी. पहिला क्रमांक सगळे हौसेने मागताहेत, "उतारच तर आहे" म्हणून. लॉज आहे सहा हजार फुटांवर, गव्हर्नमेंट कॅम्प चार हजारांच्या खाली. साडेपाच मैलांच्या आसपास दोन हजार फूट उतरायचं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळून अंगाचं वजन अडवत असतो, आणि त्याची खरी किंमत काही तासांनी मोजावी लागते. इथे तर मध्ये गाडीत गुडघे दुमडून बसायचं आणि अजून दोनदा धावायचं. तेव्हा पहिला क्रमांक त्याला द्या ज्याने उन्हाळाभर उतार केलेत. लीफ एरिकसनच्या जवळजवळ सपाट वाटेवर कितीही मैल घाला, त्याने हे होत नाही. आठवड्यातून एकदा कौन्सिल क्रेस्टच्या टेकडीवरून खाली या, आणि पाय आपटत नाही, छोटी पावलं टाकत.

दुसरं, पाचवा क्रमांक. त्याला ५, १७ आणि २९ हे टप्पे येतात, आणि त्यात चढ आहेत. तिथे सगळ्यात वेगवान माणूस नको, सगळ्यात चिवट माणूस द्या. आपल्यात तो कोण ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तिला स्वतःलाही.

आणि हो, आयोजकांना वेग कळवताना फुशारकी नको. सुटायची वेळ त्यावरूनच देतात, हळू संघ आधी आणि वेगवान नंतर. नऊ मिनिटं सांगून अकराने धावलात तर उशिरा सुटून वर उशिरा पोचाल.

—

प्रेषक: बीव्हर्टनच्या वहिनी

काका, सगळं पटलं, पण एक विचारू? आमची मुलगी दुसऱ्या गाडीत आहे. तिचा मधला टप्पा तुमच्या हिशेबाने मध्यरात्रीनंतर, जंगलातल्या रस्त्यावर. एकटी?

—

प्रेषक: हिल्सबरोचे काका

वहिनी, एकटी अशी नाही. रात्री प्रत्येकाच्या अंगावर चमकणारं जाकीट, कपाळाला दिवा, पुढे-मागे लुकलुकणारे दिवे असतात, ते सक्तीचंच आहे. हजार संघ त्याच रस्त्याने जात असतात, त्यामुळे सरळ रस्ता आला की पुढे लाल ठिपक्यांची ओळ दिसते. गाडी वाटेत सुरक्षित जागा पाहून थांबते, पाणी देते, पुढे जाते. कानात मात्र तिने काही घालायचं नाही, मागून येणारी गाडी ऐकू आली पाहिजे. खरी अडचण दुसरीच आहे: त्या डोंगरात फोनला रेंज नसते. दोन गाड्यांना एकमेकींचा पत्ता लागत नाही. म्हणून तक्ता आणि नकाशा कागदावर छापून दोन्ही गाड्यांत. "गूगलवर आहे ना" म्हणणारे तिथेच फसतात.

—

प्रेषक: मावशी

तुम्ही सगळं बोललात, खायचं कोणी बोललं नाही.

पहाटे दोनला गरम काही मिळणार नाही आणि रांगेत उभं राहायला वेळ नाही, असं धरून चालते. तिखट, तळलेलं काही देणार नाही. मिसळ सीसाइडला पोचल्यावर. धावण्याच्या दोन तास आधी मऊ दहीभात, त्यात आलं किसून, फोडणी नाही. नंतर उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून, दशम्या, राजगिऱ्याचे लाडू, केळी. कोकमाचं आगळ मी देईन, त्यात साखर-मीठ घालून बाटल्या भरायच्या. लसणाची चटणी कोणीही आणायची नाही. सात माणसं, बंद गाडी, तीस तास. कारण सांगायला नको.

बारा जणांचं बारा पिशव्यांत देईन, नावं घालून. एकत्र डबा दिला की पहिले दोन जण सगळं फस्त करतात हे मी कोजागिरीला पाहिलंय.

कपड्यांचंही तसंच करा. प्रत्येकाने तीन झिप पिशव्या, वर १, २, ३ आकडे. एकीत एका टप्प्याचे सगळे कपडे, मोज्यांसकट. धावून आलं की ओलं सगळं त्याच पिशवीत कोंबायचं, झिप लावायची, दोनदा तपासायची. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घाला, नाहीतर दुसरा जोड आणा. आणि सेंट हेलन्सच्या पुढे कच्चा रस्ता लागतो, शेकडो गाड्यांचा धुरळा असतो. नाकातोंडावर बांधायला ओढणी किंवा रुमाल प्रत्येकाकडे हवा.

जाता जाता: चालणाऱ्यांची पण असते ना हो, पोर्टलंडहून सीसाइडपर्यंत? पुढच्या वर्षी आमचा भिशीगट विचार करतोय.

—

प्रेषक: टायगार्डहून एक सभासद

हापूसच्या पेट्या कोणाकडे उरल्या आहेत का?

—

प्रेषक: ग्रेशमहून

काका, दादा, नमस्कार. मी धावत नाही आणि धावणारही नाही. पण मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते, त्यामुळे पहाटे तीनला माझं डोकं तुमच्या दुपारी तीनसारखं चालतं. दुसरी गाडी मी चालवीन.

माझ्या अटी आहेत. माझ्या शेजारच्या सीटवर जो बसेल त्याने जागं राहायचं. झोपायचं असेल तर मागे. "पुढे घे, जागा आहे" असं कोणी सांगायचं नाही, मला मागचं दिसतं. मनगटावर मारली की गुंडाळते ती रिलेची पट्टी पुढच्याला देऊन झाली की धावून आलेल्याने गप्पा मारत न रेंगाळता गाडीपाशी यायचं, मी शोधायला येणार नाही. गुरुवारी रात्री मी कामावर नसेन आणि शुक्रवारी दुपारी झोपून येईन, त्यामुळे सँडीला मला धरू नका. पोर्टलंडपर्यंत दुसरं कोणी आणा, दिवसाउजेडीचं आहे, जमेल.

—

प्रेषक: कोषाध्यक्ष

मंडळाच्या खात्यातून काही मिळणार नाही हे कायम आहे. पण मोठ्या व्हॅन त्या आठवड्यात भाड्याने मिळणं कठीण आणि महाग. हजार संघांना प्रत्येकी दोन, म्हणजे तुम्हीच हिशेब करा. माझी सिएना मिनीव्हॅन घ्या. विम्यात चालकाचं नाव घालून घेऊ. मी चालवणार नाही, मला रात्री कमी दिसतं.

—

प्रेषक: धावगट, संघप्रमुख

काकांचं मानलं. "आळीपाळीने" तक्त्यातून काढलंय. दोन गाड्यांना दोन न धावणारे चालक. दुसऱ्या गाडीला ग्रेशमच्या ताई, त्यांच्या सगळ्या अटींसकट. सँडी ते पोर्टलंड ती गाडी आमच्या राखीवांपैकी एक जण नेईल. पहिल्या गाडीसाठी वहिनींचे मोठे दीर तयार आहेत असं वहिनी फोनवर म्हणाल्या. त्यांनी स्वतः लिहून कळवावं म्हणजे नाव घालतो.

क्रमांकांचं: पहिला ज्यांना हवाय त्या तिघांनी येत्या रविवारी सकाळी सातला कौन्सिल क्रेस्टवर यावं. खाली उतरायचं, वर चालत यायचं, पुन्हा उतरायचं. मंगळवारी ज्याला जिना उतरता येईल त्याला पहिला क्रमांक. पाचवा क्रमांक ठरलाय, तिने हो म्हटलंय, थोडी कुरकुर करून. शेवटचा टप्पा, वाळूत संपणारा, वहिनींच्या मुलीला. आणि वेग आपण खराच कळवतोय: दहा मिनिटं वीस सेकंद. म्हणजे ३४ तास २७ मिनिटं. हाताशी दीड तास उरतो, म्हणून काकांच्या वेळा सगळीकडे थोड्या पुढे सरकतील. नवा तक्ता आज रात्री पाठवतो, कागदावर छापलेला.

स्वयंसेवक दोन मिळाले, मावशी आणि ढोलपथकातले एक जण. तिसरा हवाय. हापूसवाल्यांनी विचार करावा.

—

प्रेषक: कोषाध्यक्ष

गाडीच्या काचांवर जे काही रंगवाल ते पाण्याने निघणाऱ्या रंगानेच. आणि परत देताना आतून व्हॅक्यूम करून. ऑगस्ट महिना आहे, रविवारपर्यंत थांबू नका.