मदत हवी आहे : ३३३६६७ मूळ संख्या आहे हे हाताने कसं दाखवायचं?

राजेहो, धरमपेठेत आठवीच्या पोरांची शिकवणी घेतो. सध्या गणितज्ञ कापरेकरांच्या डेम्लो संख्या (११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग) सुरू आहेत: १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. (एक्सेलवर करू नका, १५ अंकांपुढे ते सरळ शून्य ठोकतं.)

१११११११११ = १११ × १००१००१, म्हणजे ३² × ३७ × ३३३६६७. वर्गाचे विभाजक ४५. इथवर पोरांना पटलं. मग मागून प्रश्न आला, "सर, ३३३६६७ ला कशानेच भाग जात नाही कशावरून?"

वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. फळा पुरणार नाही! ही संख्या ९९९९९९९९९ ला भागते, त्यावरून बऱ्याच जणी आधीच गाळता येतील असं वाटतं. आठवीला झेपेल असं कोणी समजावेल का? बुधवारी परत शिकवणी आहे.