शब्दचर्चा : ‘वेल-नोन ट्रेडमार्क’ – सुप्रसिद्ध, नामांकित की सुपरिचित?

अनुवादक, पुणे

एका परवाना कराराच्या मराठी सारांशात हे वाक्य आहे :

‘कंपनीचे चिन्ह जगप्रसिद्ध असल्याने दुबईच्या मुक्त आर्थिक क्षेत्रात त्यास नोंदणीचे संरक्षण आपोआप मिळते.’

संदर्भ डीआयएफसीचा, म्हणजे दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरचा. मूळ इंग्रजीत ‘वेल-नोन ट्रेडमार्क’ आणि ‘फायनान्शियल फ्री झोन’ असे शब्द आहेत. ‘जगप्रसिद्ध’ खटकतो, पण त्याऐवजी काय घ्यावं? वर्तमानपत्रांत सुप्रसिद्ध, नामांकित, ख्यातनाम, नामवंत असं सगळंच दिसतं. ट्रेडमार्कसाठी ‘व्यापारचिन्ह’ घेतलं आहे, ते बरोबर ना?

ट्रेडमार्क वकील, दुबई

व्यापारचिन्ह बरोबर. ‘बोधचिन्ह’ घेऊ नका, तो लोगो झाला. नुसतं नाव, घोषवाक्य किंवा बाटलीचा आकारही व्यापारचिन्ह असू शकतो.

‘जगप्रसिद्ध’वर नंतर येऊ, कारण त्याहून मोठी चूक ‘आर्थिक’ या शब्दात आहे. मराठीत आपण ‘आर्थिक’ शब्दात इकॉनॉमिक आणि फायनान्शियल दोन्ही कोंबतो. एरवी चालून जातं. इथे चालत नाही, कारण या एका शब्दावर कायदा बदलतो.

अमिरातींत फ्री झोन डझनांनी आहेत. जेबेल अली १९८५ पासून आहे. तिथे कंपनी स्थापनेचे नियम त्या-त्या झोनचे असतात, पण दिवाणी आणि व्यापारी कायदा देशाचाच, म्हणजे संघराज्याचाच, चालतो. व्यापारचिन्हांसाठी तिथे २०२१ चा संघीय हुकूमकायदा क्रमांक ३६ लागू आहे.

वित्तीय मुक्त क्षेत्र ही वेगळी जात आहे. २००४ च्या संघीय कायदा क्रमांक ८ ने फक्त अशाच क्षेत्रांना संघराज्याच्या दिवाणी व व्यापारी कायद्यांतून बाहेर काढलं. फौजदारी कायदा मात्र तिथेही कायम राहिला. अशी क्षेत्रं दोन : दुबईचं डीआयएफसी आणि अबू धाबीचं एडीजीएम, म्हणजे अबू धाबी ग्लोबल मार्केट. डीआयएफसीने स्वतःचा बौद्धिक संपदा कायदा केला, २०१९ चा क्रमांक ४. नोव्हेंबर २०१९ पासून तो लागू आहे. एडीजीएमने वेगळी वाट धरली. तिथे २०१५ च्या विनियमांनी इंग्लिश कॉमन लॉ, म्हणजे न्यायनिवाड्यांतून घडलेला इंग्लंडचा कायदा, थेट लागू केला.

त्यामुळे ‘मुक्त आर्थिक क्षेत्र’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जेबेल अली उभं राहील, किंवा आपल्याकडचा सेझ, कारण त्याचं मराठी नाव ‘विशेष आर्थिक क्षेत्र’ असंच आहे. ‘वित्तीय मुक्त क्षेत्र’ लिहा. शब्दांचा क्रमही हाच ठेवा. ‘मुक्त वित्तीय क्षेत्र’ म्हटलं की बँकिंग खुलं केलं आहे असं वाटतं.

आता ‘नोंदणीचे संरक्षण’. डीआयएफसीत व्यापारचिन्हांची नोंदवहीच नाही. अर्ज भरायची खिडकी नाही, प्रमाणपत्र नाही. चिन्ह नोंदवायचं ते संघराज्याच्या अर्थव्यवस्था व पर्यटन मंत्रालयाकडे. त्या नोंदणीला डीआयएफसीचा कायदा मान्यता देतो आणि तिचं उल्लंघन आपल्या हद्दीत थांबवतो. वेल-नोन चिन्हाची गोष्ट वेगळी. ते मंत्रालयाकडे नोंदलेलं नसलं तरी त्याला दाद मागता येते, आणि ही संकल्पना आहे ती नेमकी त्यासाठीच. तुमच्या वाक्यात ही दोन स्वतंत्र दारं एकाच चौकटीत बसवली आहेत.

ट्रेडमार्क एजंट, मुंबई

‘वेल-नोन’कडे येतो.

‘नामांकित’ नको. नामांकन म्हणजे पुरस्कारासाठी नाव सुचवणं हा अर्थ आता इतका रुळला आहे की कागदपत्रांत घोटाळा होतो. ‘ख्यातनाम’ आणि ‘नामवंत’ माणसांना शोभतात. ख्यातनाम गायक म्हणू, ख्यातनाम साबण म्हणणार नाही. ‘सर्वज्ञात’, ‘सर्वश्रुत’ सरळ चूक.

चूक का, तर कसोटी ‘सगळ्यांना माहीत आहे का’ अशी कधीच नसते. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याची व्याख्या बघा, कलम २(१)(झेडजी) : तो माल किंवा सेवा वापरणाऱ्या लोकांपैकी भरीव हिश्श्याला ते चिन्ह माहीत हवं. पुढे कलम ११(९) मध्ये काय मागायचं नाही याची यादी आहे. चिन्ह भारतात वापरलेलं हवं, नोंदलेलं हवं, किंवा सर्वसाधारण जनतेला माहीत हवं, अशी अट निबंधकाला, म्हणजे चिन्हांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, घालता येत नाही. कायदा स्वतःच ‘सर्वश्रुत’ला नाही म्हणतो आणि अनुवादक तोच शब्द घालतो!

दंतवैद्यांच्या खुर्च्या बनवणारी कंपनी घ्या. रस्त्यावर शंभर जणांना विचारा, एकालाही नाव ठाऊक नसेल. दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असेल. ते चिन्ह वेल-नोन ठरू शकतं. त्याला सुप्रसिद्ध म्हणवेल का? माझं मत ‘सुपरिचित व्यापारचिन्ह’. ज्यांच्याशी त्याचा संबंध आहे त्यांना ते चांगलं परिचित आहे, बस्स. प्रसिद्धीत गाजावाजा येतो, परिचयात फक्त ओळख असते, आणि कायदा ओळखच तपासतो.

अरबी-उर्दूचे अभ्यासक, औरंगाबाद

थोडी भर. संघीय कायद्याची मूळ भाषा अरबी आहे आणि तिथली संज्ञा आहे ‘अलामा तिजारिय्या मशहूरा’. तिन्ही शब्द आपल्या कानाला ओळखीचे : अलामत, तिजारत, मशहूर. ‘मशहूर’ आणि ‘इश्तिहार’ एकाच धातूतून निघाले, त्यामुळे अरबी संज्ञेत जाहीर होण्याची, गाजण्याची छटा आहेच. (‘शहर’ मात्र त्यातला नव्हे, तो फारसी.) त्या हिशेबाने ‘सुप्रसिद्ध’ला आधार मिळतो.

मात्र डीआयएफसीचे कायदे इंग्रजीतच होतात आणि तिथल्या न्यायालयाचं कामकाजही इंग्रजीत चालतं. तिथल्या संज्ञेचं मूळ अरबीत शोधायचं कारण नाही. कोणत्या कायद्याचा अनुवाद करतो आहोत ते आधी ठरवावं.

अनुवादक, पुणे

‘वित्तीय’ लगेच बदललं. ‘सुपरिचित’ पटतो, पण एक शंका. कराराच्या पुढच्या कलमात ‘फेमस मार्क’ वेगळा येतो. मग ‘सुप्रसिद्ध’ त्याच्यासाठी राखून ठेवू का? आणि तिथेच ‘डायल्यूशन’ आहे. त्याला ‘सौम्यीकरण’ लिहिलंय.

ट्रेडमार्क वकील, दुबई

राखून ठेवाच. हा फरक नुसता भाषेचा नाही, त्याला पायऱ्या आहेत.

पहिली पायरी औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस कराराचं (हवामानाच्या नव्हे) कलम ६ बिस, म्हणजे कलम ६ ला मागाहून जोडलेलं कलम, १९२५ च्या हेग दुरुस्तीतून आलेलं. त्यात सुपरिचित चिन्हाला नोंदणीशिवाय संरक्षण आहे, पण फक्त त्याच किंवा तशाच मालापुरतं, आणि फक्त मालापुरतं. सेवांचा त्यात उल्लेख नाही. वित्तीय क्षेत्रात जवळपास सगळा व्यवहार सेवांचा असतो, म्हणून नुसत्या ६ बिसवर तिथे फार दूर जाता येत नाही.

दुसरी पायरी ट्रिप्स, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार, कलम १६. पोटकलम २ ने सेवा आत घेतल्या आणि ‘संबंधित जनवर्गाला असलेली माहिती’ ही कसोटी दिली. जाहिरातीमुळे झालेली ओळखही त्यात धरतात. पोटकलम ३ ने संरक्षण वेगळ्या प्रकारच्या मालापर्यंत नेलं, मात्र तिथे ‘नोंदणीकृत’ हा शब्द आहे. अनुवादात हा शब्द गळतो असं हमखास दिसतं. तो गळला की नोंदणी नसलेल्या चिन्हालाही सर्व प्रकारच्या मालावर हक्क आहे असा अर्थ होतो. ट्रिप्स तसं म्हणत नाही.

तिसरी, वायपोची, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची, १९९९ ची संयुक्त शिफारस. बंधनकारक नाही, पण सुपरिचित चिन्हाच्या कसोट्यांवर बोलताना तिच्यातले सहा घटक डोळ्यांसमोर ठेवावेच लागतात : ओळख किती, वापर किती काळ व किती ठिकाणी, प्रसिद्धी किती, नोंदण्या कुठे, हक्क यशस्वीपणे बजावल्याचा इतिहास, आणि चिन्हाचं मोल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या कलम ४ मध्ये आहे. कोणी चिन्हाचं वेगळेपण कमी करतो किंवा त्याचा गैरफायदा घेतो अशी तक्रार असेल, तर एखादा देश ‘चिन्ह सर्वसाधारण जनतेलाच माहीत हवं’ अशी अट घालू शकतो. एरवी संबंधित वर्ग पुरतो. म्हणजे संबंधित वर्गात माहीत ते ‘सुपरिचित’, आम जनतेत माहीत ते ‘सुप्रसिद्ध’.

‘सौम्यीकरण’ नको, ते आम्लाचं होतं. ‘चिन्हाचे वेगळेपण विरळ होणे’ असं लांब लिहिलं तरी चालेल. एकच नाव दहा जण दहा वस्तूंवर लावू लागले की ते ऐकल्यावर मूळ मालक चटकन आठवत नाही, नुकसान नेमकं हेच असतं.

ट्रेडमार्क एजंट, मुंबई

वेगळ्या मालाचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण कॅल्टेक्सचं. १९६९ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. अर्ज होता घड्याळांसाठी, विरोध पेट्रोल-तेल विकणाऱ्या कंपनीचा. घड्याळ आणि तेल यांचा काही संबंध नाही, तरी ‘कॅल्टेक्स’ वाचून लोक हा माल त्याच कंपनीचा समजतील म्हणून नोंदणी नाकारली. ‘संबंध असल्याचा समज’ ही संज्ञा इथे हवी. ‘साम्य’ लिहिलंत तर चुकेल. मालात साम्य नव्हतंच.

आणि ‘जगप्रसिद्ध’ का नको, याला प्रियस खटला. सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर २०१७. टोयोटाची प्रियस गाडी १९९७ पासून जपानमध्ये होती, जगभर बातम्या होत्या. पण दिल्लीच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने ते नाव २००१ मध्ये वापरायला घेतलं, तेव्हा *भारतात* त्या नावाची पुरेशी ओळख होती याचा पुरावा न्यायालयाला अपुरा वाटला. जगात नाव असणं आणि इथे नाव असणं या दोन गोष्टी आहेत. उलट बाजूला १९९६ चा व्हर्लपूलचा निकाल. तिथे परदेशी मासिकांतल्या, भारतात पोचणाऱ्या जाहिरातींमुळेही इथे लौकिक तयार झाल्याचं मानलं गेलं. ‘रेप्युटेशन’ला ‘लौकिक’ हा आपला नेमका शब्द आहे, तो वापरा. ‘प्रतिष्ठा’ म्हटलं की अब्रूनुकसानीचा वास येतो.

अनुवादक, पुणे

परिशिष्टात ‘सुपरिचित असल्याचे पुरावे’ अशी यादी आहे : जागतिक उलाढाल, समाजमाध्यमांवरचे अनुयायी, पुरस्कारांचे फोटो, सुपरिचित चिन्हांच्या भारतातल्या यादीत नाव. शीर्षक ‘पुरावे’ ठेवू की ‘दाखले’?

ट्रेडमार्क वकील, दुबई

शीर्षक ‘पुरावे’च. यादी मात्र कमकुवत आहे, आणि हे कंपनीला कळवायला हवं. जागतिक उलाढालीतून अमिरातींचा आकडा वेगळा काढलेला नसेल तर तिचा उपयोग थोडा. अनुयायांचंही तेच, देशवार फोड लागते. फोटोवर तारीख नसेल तर तो बाजूला पडतो. महत्त्वाची तारीख एकच : समोरच्याने ते नाव घेतलं ती. सगळा पुरावा तिच्या आधीचा हवा. खटला उभा राहिल्यावर केलेलं ग्राहक सर्वेक्षण आजची ओळख दाखवतं, तेव्हाची नाही. आणि वित्तीय सेवेचं चिन्ह असेल तर बँका, निधी व्यवस्थापक, दलाल या वर्गातली ओळख दाखवा. मॉलमधल्या गिऱ्हाइकांची पाहणी तिथे गैरलागू.

ट्रेडमार्क एजंट, मुंबई

भारतातल्या यादीबद्दल : २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांतला नियम १२४, टीएम-एम नमुन्यात अर्ज, शुल्क १ लाख रुपये. घोषणा करण्यापूर्वी निबंधक जनतेकडून ३० दिवसांत हरकती मागवू शकतो. यादीत नाव आलं म्हणून दुबईत आपोआप काही मिळत नाही, पण सक्षम प्राधिकाऱ्याने मान्यता दिल्याचा पुरावा म्हणून ती घोषणा जोडता येते. ‘जोडपुरावा’ या शीर्षकाखाली वेगळी दाखवा.

गांधीनगरच्या गिफ्ट सिटीची तुलना करारात असेल तर तीही तपासा. तेही वित्तीय केंद्र आहे, पण व्यापारचिन्हांना तिथे भारताचाच कायदा लागतो. डीआयएफसीसारखा वेगळा नाही.

ट्रेडमार्क वकील, दुबई

एक राहिलं. ‘व्यापारनाम’ आणि ‘व्यापारचिन्ह’ एकमेकांच्या जागी वापरू नका. डीआयएफसीच्या कंपनी निबंधकाने नाव मंजूर केलं म्हणजे कंपनी त्या नावाने उभी राहिली, इतकंच. चिन्हावरचा हक्क त्यातून येत नाही, आणि दुसऱ्याच्या सुपरिचित चिन्हाला धक्का लागत असेल तर मंजूर नावही बदलावं लागू शकतं. करारात मूळ शब्द ‘ट्रेड नेम’ आहे का, तेवढं बघा.

अनुवादक, पुणे

बघितलं. दोन ठिकाणी ‘ट्रेड नेम’ होतं आणि दोन्हीकडे ‘चिन्ह’ लिहिलं गेलं होतं. दुरुस्त केलं. आता मुख्य वाक्य असं :

‘कंपनीचे व्यापारचिन्ह अमिरातींतील संबंधित ग्राहक व व्यापारी वर्गात सुपरिचित असल्यास, ते तेथे नोंदणीकृत नसले तरी, दुबईच्या वित्तीय मुक्त क्षेत्रात (डीआयएफसी) त्यास संरक्षण मिळते.’

ट्रेडमार्क वकील, दुबई

‘मिळते’ काढा, ‘मागता येते’ लिहा. चिन्ह सुपरिचित आहे हे दर वेळी डीआयएफसीच्या बौद्धिक संपदा आयुक्तापुढे किंवा न्यायालयापुढे सिद्ध करावं लागतं. बाकी वाक्य ठेवा.