गणपतीची शिल्लक: नवी बोअर की जुने हापसे?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

कंपालातल्या आपल्या गणपतीचा हिशोब लागला, खजिनदारांनी शीट पाठवलीच आहे. हॉलचं भाडं आणि महाप्रसाद जाऊन यंदा बरे पैसे उरलेत. कमिटीत असं बोलणं झालं की २०१४ सारखी परत एक बोअरवेल द्यावी, इथे युगांडातच जिंजा शहराच्या पलीकडे, त्याच भागात शेजारच्या गावात. ड्रिलिंगवाल्याचं कोटेशन आलंय. दिवाळीच्या आधी उद्घाटन करता आलं तर मुलांनाही घेऊन जाऊ. रविवारपर्यंत हो-नाही कळवा.

प्रेषक: जालन्याचे काका

सचिव ताई, कोटेशनवर सही करायच्या आधी माझं जरा ऐका, मेल मोठी होणार आहे.

मागच्या महिन्यात साइटवरून येताना मी मुद्दाम गाडी वळवून आपल्या २०१४ च्या बोअरवर गेलो होतो. हापसा बंद आहे. पाटी जागेवर आहे, ओटा पण चांगला आहे, फक्त पाणी नाही. बायका पोरं पिवळे जेरीकॅन घेऊन खाली दलदलीकडच्या झऱ्यावर जातात, तिथंच गुरं पण पितात. मला पाहून एक आजी काही रागावल्या नाहीत, उलट खुर्ची आणून दिली, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की पहिलं वर्ष छान चाललं, मग सकाळी पहिलं पाणी तांबडं यायला लागलं, मग त्या पाण्याचा चहा काळा पडायचा, मटोके (इथली कच्ची केळी) शिजवले तरी रंग बदलायचा, कपड्यांवर डाग. हळूहळू लोकांनी ते प्यायचं सोडलं. शेवटी आत पाइप गंजून तुटले आणि खाली पडले. आपण दिलेले पाइप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे होते आणि तिथलं पाणी आम्लधर्मी आहे. पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) साडेसहाच्या खाली असला की तो मुलामा टिकत नाही, हे ८० च्या दशकात घानापासून सगळीकडे तपासून झालेलं आहे. युगांडाच्या पाणी मंत्रालयाने २०१६ साली असे पाइप नवीन बसवायला बंदीच केली. आपला हापसा त्याच्या दोन वर्षं आधीचा. म्हणजे चूक आपली, गावाची नाही, आणि "लोकांना सांभाळता येत नाही" असं आपल्या पार्टीत जे बोललं जातं ते कृपा करून थांबवा.

आता मला हे एवढं का लागतं ते सांगतो. इथे सगळे ज्याला यू-टू म्हणतात तो हापसा म्हणजे आपला इंडिया मार्क टू, आणि त्याचं मूळ माझ्या गावात आहे. साठच्या दशकात मराठवाड्यात बोअर मारायला मशीन आली, पण वर बसवायचे ते बिडाचे परदेशी पंप, एका घराने दिवसातून चार बादल्या काढाव्या असे बनवलेले. त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हापसणार, काय टिकणार? जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्री लोकांनी त्याचे ढिले सांधे काढून टाकून स्टीलचा, एकाच सांध्यावर चालणारा हापसा केला, पुढे सोलापूरच्या वर्कशॉपने तो अजून मजबूत केला. १९७४ ला युनिसेफने पाहिलं तर देशातले साधारण चारातले तीन हापसे बंद. तेव्हा नव्या बोअर मारत सुटायचं थांबवून त्यांनी आधी हापसाच सुधारायला घेतला, सोलापूरचं डोकं धरून नवीन डिझाइन केलं, कोइमतूरकडे खऱ्या गावांत वापरून पाहिलं आणि ७७-७८ पासून मद्रासला कारखान्यात बनायला लागला. पेटंट कुणी घेतलं नाही, म्हणून तो माली, घाना, झांबिया, युगांडा असा सगळीकडे पोचला.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मी हंडा घेऊन नंबर लावून बसायचो. आमच्या वस्तीवरचा हापसा बिघडला की वडील सायकलवर तालुक्याला जाऊन वॉशर आणायचे, एवढाच चामड्याचा तुकडा, पण तो नाही मिळाला तर चार दिवस पाणी नाही. म्हणून सांगतो, नवीन बोअर नको. आपला बंद पडलेला आधी चालू करा आणि त्याच पैशात आजूबाजूचे अजून दोन-तीन बंद हापसे दुरुस्त होतात का ते बघा. पाइप स्टेनलेस स्टीलचे घ्या, उथळ असेल तिथे पीव्हीसी चालेल.

प्रेषक: एन्टेबे रोडवरून

काका, मेल वाचून खरंच गलबलून आलं. पण एक शंका आहे, राग मानू नका. वर्गणी देताना लोकांना नवीन काहीतरी बघायला आवडतं, "जुना पाइप बदलला" यावर माझ्या ऑफिसातले लोक पैसे देतील का? आणि हापसाच कशाला, आता किती नवीन कल्पना आहेत, शाळेच्या मैदानात मुलं खेळता खेळता पाणी वर येईल असा चक्रीचा पंप मी व्हिडिओत पाहिला होता, मुलांनाही मजा आणि बायकांचे कष्ट वाचतात. सोलर पण आहे. विचार करावा असं वाटतं.

प्रेषक: जालन्याचे काका

राग कसला बाळा, विचारलंस ते बरं केलंस, मला पण पहिल्यांदा तो पंप बघून आवडलाच होता.

तो दक्षिण आफ्रिकेतून आला, प्लेपंप. २००६ ला अमेरिकेत मोठमोठ्या लोकांनी पैसे जाहीर केले, २०१० पर्यंत आफ्रिकेत ४००० बसवायचे ठरले. एकेकाची किंमत साधारण १४ हजार डॉलर, साध्या हापशाच्या कितीतरी पट. मोझांबिक आणि मलावीत काय झालं, मुलं थोडा वेळ खेळतात आणि कंटाळतात, मग त्या चक्रीला वाकून ढकलत बसायचं काम म्हाताऱ्या बायकांवर आलं. चांगले चाललेले हापसे काढून त्या जागी ते बसवले होते काही ठिकाणी. मोडला की दुरुस्तीला गावात कुणाला येत नाही, फोन करून वाट बघायची. एका इंग्रजी पेपरने गणित मांडलं होतं की सांगितलं तेवढं पाणी काढायला मुलांना दिवसातले २७ तास खेळावं लागेल. २०१० पर्यंत ते सगळं थांबलं.

त्यात काम करणारे लोक वाईट नव्हते. फक्त पाणी भरणाऱ्या बाईला आधी कुणी विचारलं नाही.

सोलर चांगलं आहे, मोठ्या गावाला टाकी आणि नळ असतील तर नक्की, पण आपल्या बजेटमध्ये आणि तीस-चाळीस घरांना मला नको वाटतं. आणि वर्गणीचं म्हणशील तर त्या आजींचा खुर्ची आणल्याचा प्रसंग ऑफिसात सांग, बघ लोक देतात का नाही.

प्रेषक: सोरोटीहून ताई

नमस्कार सगळ्यांना. मी यादीवर फारशी लिहीत नाही पण माझं रोजचं काम हेच आहे म्हणून राहवलं नाही. काका म्हणतात त्याला माझा शंभर टक्के पाठिंबा, पण नुसते पाइप बदलून तीन वर्षांनी परत तेच होईल, त्यामुळे थोडं अजून.

एक, पाणी तांबडं आहे ते गंजाने का जमिनीतल्या लोहाने हे आधी पाहा. सोपं आहे, सकाळी पहिलं पाणी बाटलीत भरायचं, मग बराच वेळ सलग हापसायचं आणि परत भरायचं. नंतरचं स्वच्छ असेल तर दोष पाइपचा, तसंच तांबडं राहिलं तर लोह जमिनीतलंच आहे आणि स्टेनलेस घालून पैसे वाया जातील. पीएच जागेवरच मोजा. बाकी लॅब टेस्टही करा, कंटाळा करू नका, बांगलादेशात सत्तरच्या दशकापासून लोकांच्या भल्यासाठीच कूपनलिका मारल्या, आर्सेनिक कुणी तपासलं नाही आणि ते १९९३ ला सापडलं, तोवर लाखो लोक ते पाणी पीत होते.

दुसरं, इथे प्रत्येक हापशाला पाणी वापरणाऱ्यांची कमिटी असते, निदान कागदावर तरी. ती बसते का, महिन्याला घरटी पैसे गोळा होतात का, वही कोणाकडे आहे, हे विचारा. माझा अनुभव असा की वही आणि पैसे बाईकडे असले की हिशोब लागतो. पाणी तांबडं यायला लागलं तेव्हा लोकांनी पैसे देणं बंद केलं असणार, आणि त्यात त्यांचं काय चुकलं, न पिण्यासारख्या पाण्याचे पैसे कोण देईल?

आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, हापसा दुरुस्त करणारे स्थानिक मेकॅनिक. जिल्ह्याजिल्ह्यात त्यांची संघटना आहे. मार्क टू मध्ये नुसता खालचा वॉशर बदलायचा तरी सगळे पाइप तिकाटणं, म्हणजे तीन पायांची तिवई लावून वर ओढावे लागतात, ते चार-पाच जणांचं काम आहे, एकट्या बोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) फिरणाऱ्या माणसाला पाने, क्लॅम्प, तिकाटणं कुठून परवडणार? आपण कंपालाहून टीम नेऊन दुरुस्त करून परत आलो तर पुढच्या वेळी परत आपलीच वाट बघतील. त्यापेक्षा त्याच मेकॅनिककडून मजुरी देऊन काम करून घ्या आणि अवजारांचा एक संच त्यांच्या संघटनेकडे ठेवा. जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्यालाही आधी भेटा, बोअरची जुनी नोंद, खोली, पाण्याची पातळी त्यांच्याकडे असते.

प्रेषक: सचिव

काका, ताई, मनापासून धन्यवाद. मीच मागच्या उद्घाटनाला रिबन कापली होती आणि त्यानंतर एकदाही गेले नाही, हे वाचून रात्री झोप लागली नाही.

ड्रिलिंगवाल्याला नको म्हणून कळवलंय. खजिनदारांच्या अंदाजाने नव्या एका बोअरच्या पैशात आपला आणि अजून दोन हापसे नक्की होतील, अवजारांचा संच धरून. उद्घाटन वगैरे काही करायचं नाही, पाटीवर नाव असायचंच तर मेकॅनिकचा फोन नंबर मोठ्या अक्षरात घालू.

येत्या शनिवारी सकाळी सहाला मंदिराच्या पार्किंगमधून निघायचं. काका, ताई (सोरोटीहून थेट तिकडेच येतील), मी आणि खजिनदार. अजून एक पिकअप लागेल, कुणाची मिळेल का? लुगांडा आणि लुसोगा दोन्ही नीट बोलणारं कुणीतरी हवं, आमच्या दुकानातल्या मॅनेजरना विचारते. पीएचचं मीटर काका आणतायत. रिकाम्या स्वच्छ पाण्याच्या बाटल्या घरून घेऊन या, आठ-दहा तरी, आणि झाकणावर चिकटवायला कागदी टेप.