चाळिशीत पोहायला शिकायचंय, पण पाण्यापेक्षा लोकांचीच भीती जास्त वाटते

काठावरची:
नमस्कार मंडळी, वय ४१, पोहायला शिकायचं कित्येक वर्षं मनात आहे. पाण्याची भीती आहेच पण ती एकवेळ परवडली, खरं टेन्शन हे की मी उथळ भागात दांडी धरून पाय मारत बसणार, बाजूने सहा वर्षांची पोरं धपाधप उड्या मारणार आणि त्यांचे आईबाप बाकावर बसून माझी मजा बघणार. फॉर्म आणून ठेवलाय पण दर वेळी म्हणते पुढच्या बॅचला बघू. नवरा म्हणतो त्यात काय एवढं, पण त्याला कशाचीच लाज वाटत नाही, त्याला विचारून काय फायदा! मोठेपणी कोणी असं काही सुरू केलंय का?

खडूस:
"कोणी बघत नाही गं" असं आता सगळे सांगतील, ते काही खरं नाही. २००० साली गिलोविच वगैरे मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला होता, कॉलेजच्या पोरांना बॅरी मॅनिलो या गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालून (तो घालायची त्यांना लाज वाटायची म्हणून मुद्दाम) भरल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असणार, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना सांगता आलं. म्हणजे आपण धरतो त्याच्या निम्मे, पण शून्य नाही! एखादा बघणारच, हे धरूनच जा.

तळहात:
मी मोठ्यांना पोहायला शिकवतो म्हणून लिहितोय. बाकावरचे आईबाप आपल्या पोराकडे नाहीतर मोबाईलमध्ये बघत असतात, ते सोडा. खरी गंमत अशी की लाजेमुळेच पोहणं जमत नाही. ठसका लागेल, बावळट दिसू म्हणून लोक मान ताठ करून डोकं पाण्याबाहेर ठेवतात, आणि डोकं वर गेलं की कंबर नि पाय खाली जातात, मग बुडतोय असं वाटून अजूनच ताठतात. लहान पोरं बिनधास्त तोंड पाण्यात घालतात म्हणून पटकन तरंगतात, त्यात हुशारी काही नाही. पहिल्या दिवशी फक्त दांडी धरून तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडा, बस. दिसायला येडपट दिसतं, पण श्वास सोडायची सवय इथेच लागते.

उडीबाबा:
मी तर म्हणतो लाजच मोडून टाका. अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ लोकांना मुद्दाम चारचौघांत हसं होईल असं काहीतरी करायला लावायचे, उदा. बसमध्ये मोठ्याने स्टॉपचं नाव पुकारायचं. हसं झालं तरी आपलं काही बिघडत नाही हे एकदा कळलं की झालं.

खडूस:
बाबा, तिला पोहायचंय, कंडक्टर नाही व्हायचं.

काठावरची:
😂 तळहात, मान ताठ ठेवायचं लिहिलंत ते अगदी माझंच वर्णन, वॉटरपार्कमध्ये हेच करते. मोठ्यांची वेगळी बॅच असते का? आणि माझा नंबर उणे साडेचार आहे, चष्मा काढला की काठावरचं काही दिसत नाही.

खडूस:
मग तर उत्तमच, हसणारे दिसायलाच नकोत.

तळहात:
अहो, शिकवणाऱ्याचे हात तरी दिसायला हवेत ना. उणे नंबरचे गॉगल तयार मिळतात. मोठ्यांची बॅच बऱ्याच ठिकाणी असते, फी भरायच्या आधी फोन करून विचारा.